खडतकर पर्णांक

३ ऑगस्ट १९५७, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. रोज पहाटे पाचला उठून लिहायची. (आज सात झाले. गजराच्या घड्याळात ओल गेली आहे.)
कोसमटोल्यात येऊन सव्वा महिना झाला. चाळीस घरं, एक बोडी म्हणजे लहानसा तलाव, चारी बाजूंनी जंगल. खात्याने मला धानाला खत घालायला शिकवण्यासाठी पाठवलं आहे. मी मूळचा कापसाच्या मुलखातला. शेतकी शाळेत धानाचा धडा चालू होता तेव्हा मला टायफॉइड झाला होता. पण पान ते पान. कापसाचं काय, धानाचं काय.
रात्री जेवताना विचार सुचला. डॉक्टर जीभ पाहून औषध देतो. पान ही झाडाची जीभ. पान मोजलं की झाडाला किती खत हवं ते कळलंच पाहिजे. हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही, याचं आश्चर्य वाटून झोप लागली नाही. म्हणून उशीर.

५ ऑगस्ट
सूत्र तयार. पानाची लांबी इंचात, गुणिले रुंदी सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), अधिक रंगाचा नंबर गुणिले दहा. येईल तो पर्णांक. शंभरातून पर्णांक वजा केला की एकरी तेवढे पौंड अमोनियम सल्फेट. शंभरच का? तो पूर्ण आकडा आहे.
रंगासाठी पोस्टकार्डावर सहा हिरवे पट्टे रंगवले, फिक्यापासून गडदपर्यंत. रंगपेटी शाळेच्या मास्तरांची. सहाव्या पट्ट्याला हिरवा संपला, त्यामुळे सहावा पाचव्यासारखाच दिसतो. व्यवहारात अडचण येऊ नये.
नाव: 'खडतकर पर्णांक'. मी सुचवलेलं नाही. शिपाई लटारूला विचारलं, याला काय नाव द्यावं, तर तो म्हणाला, "तुमचंच द्या जी, दुसरं कोण घेते."

६ ऑगस्ट
बिडी बंद.

८ ऑगस्ट
डेमॉन्स्ट्रेशन प्लॉट ठरला. बोडीखालच्या देवकाबाईच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, मिळून एक एकर. रस्त्याला लागून. मोठे साहेब जीपमधून आले तर बोर्ड खाली न उतरता वाचता येईल.
देवकाबाई विधवा. पन्नाशीची असावी. एकटी राहते. लेक मैना चिमूरजवळच्या खेड्यात दिलेली आहे, तिला आठवा महिना. बाई म्हणाली, "लावा जी फळी. पण बांधीत पाय पाहून टाका. हेच दोन तुकडे हायेत. वर्षभर थेच खातो, अन् लेकीले बाळंतपणाले आणीन तर तिले पेजही त्याचीच."
मी म्हटलं, बाई, यंदा दुप्पट खाल. ती हसली. अडाणी माणसाला आनंद लगेच दाखवता येत नाही.

११ ऑगस्ट
पहिलं मोजमाप. चाळीस पानं. लटारूने छत्री धरली, स्वतःवर.
बांधीची अवस्था भयंकर! चार झाडांतली तीन लालसर जांभळी. बुडापासून शेंड्यापर्यंत. शेजारी इस्तारीची बांधी हिरवीगार, आणि हिची अशी. माझ्या कार्डावर हा रंगच नाही. बराच विचार करून त्याला नंबर शून्य दिला. लांबी १२, रुंदी ३ सूत, पर्णांक ३६. म्हणजे एकरी ६४ पौंड! केवढी भूक!
बाईने कारण सांगितलं ते जसंच्या तसं नोंदवतो: "हे लालपात्या हाय जी. भावानं छत्तीसगडाकडून बी आणलं. बोडीच्या पाण्यासंगं बांधीत रानधान येते. थेही हिरवं अन् धानही हिरवं, मंग निंदताना काय उपटावं समजत नाई. म्हणून धान लाल लावतो. हिरवं दिसलं का उपटून फेकतो."
शेरा: शेतकऱ्यांच्या समजुती. नुसता रंग पाहून झाडाचा निकाल लावतात! मोजमाप नाही, काही नाही.

१२ ऑगस्ट
बिडी पुन्हा सुरू. बांधीत जळवा आहेत, बिडीचा चटका दिला की सुटतात. म्हणजे कामापुरतीच.

१४ ऑगस्ट
वेळेवर पोचलो म्हणून बरं. देवकाबाई चार बाया घेऊन निंदायला उतरली होती आणि नेमकी हिरवी झाडं उपटत होती. त्या बांधीतली जी काही निरोगी झाडं, तीच! प्रयोग चालू असताना एकही रोप उपटायचं नाही, अशी ताकीद दिली. बाई म्हणाली, "साहेब, आता नाई काढलं तर मंग हाती येत नाई जी." मी फॉर्म दाखवला. फॉर्मवर तिचा अंगठा आहे.
बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहिल्या. एक म्हणाली, "साहेबाले हिरवा रंग आवडते वाटते." सगळ्या हसल्या. लटारूही.
विज्ञानाची सुरुवात अशीच होत असते.

१९ ऑगस्ट
६४ पौंड खत टाकलं. स्वतःच्या हातांनी. लोक त्याला मीठ म्हणतात. इस्तारीने धुऱ्यावरून विचारलं, "भाजी अळणी झाली का जी?" त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं. दिवसभर त्याच्याकडेच लक्ष होतं.

२४ ऑगस्ट
दुसरं मोजमाप. निकाल अद्भुत.
हिरवी झाडं: लांबी १७, रुंदी ३, रंग ५. पर्णांक १०१! शंभराच्या वर. म्हणजे या झाडांना खत नकोच, उलट त्यांच्याकडून एक पौंड परत मिळायला हवा. असं झाड मी आयुष्यात पाहिलं नाही.
जांभळी झाडं: लांबी थोडी वाढली. रंग मात्र जांभळा तो जांभळाच. नंबर शून्य. खत खाऊनही हिरवी व्हायचं नाव नाही. कृतघ्न.
इस्तारीला आकडे दाखवले. तो म्हणाला, "अजी, थे रानधान होय. पानानं माजते. दाणा येते, पण विळा लागाच्या आधीच खाली गळते. चिमण्याही कंटाळतात वेचून." त्याची स्वतःची पानं १३ इंचाची. मत्सर समजण्यासारखा आहे.

२७ ऑगस्ट
पोळा झाला आणि चिमूरकडून निरोप आला. मैना दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी. देवकाबाई आज बैलगाडीने निघाली, आठवड्याने लेकीला आणि नातीला घेऊन येईल. जाताना माझ्या खोलीवर आली होती. दारातूनच म्हणाली, "साहेब, फळी तुमची हाय, तं बांधीकडे तुम्हीच पाहा जी. पाणी फुटलं तं इस्तारीभाऊले आवाज द्या." 
विश्वास टाकला माझ्यावर. या बाईसाठी काहीतरी केलंच पाहिजे.

२८ ऑगस्ट, पहाटे ५
(खरोखर पाच. झोप आलीच नाही.)
ठरलं. एका बांधीत दोन प्रकारची झाडं. एक कमी खाऊन शंभराच्या वर जाणारी. दुसरी सगळं गिळून शून्यावर बसलेली. ऐतखाऊ कुठली? पर्णांकाने उत्तर दिलेलं आहे, फक्त वाचायचं धैर्य हवं. जांभळी काढून टाकली की सगळं खत हिरव्यांना मिळेल. बाई परत येईल तेव्हा बांधी हिरवीगार असेल. तिला आधी कळवायचं नाही. तिचा चेहरा पाहायचा आहे.

२९ ऑगस्ट
गावातल्या बायांना कामाला बोलावलं. काम ऐकून एकीने कानाला हात लावला. दुसरी म्हणाली, "माह्या हातून नाई होत जी, देवकाबाईले तोंड काय दाखवू." तिसरी उठून गेली.
हरकत नाही. रस्त्याच्या कामावर कोरपन्याकडची टोळी आली आहे. माणसं कापसाच्या मुलखातली, माझ्यासारखी. त्यांच्या मुकादमाला, वारलूला, भेटलो. मोकळा माणूस. म्हणाला, "धानातलं आमाले काही समजत नाई साहेब. तुम्ही बोट दाखवा, थे उपटतो."
असा सहकारी हवा.

३० ऑगस्ट, सायंकाळ
झालं. बारा माणसं, एक दिवस. जांभळं एक रोप ठेवलं नाही. इस्तारी सकाळी ओरडत आला. वारलूच्या माणसाच्या हातातली पेंडी ओढून घेतली. मला म्हणाला, "साहेब, पोटावर पाय देऊन राह्यले तुम्ही त्या बाईच्या!" मी सरकारी कामात अडथळ्याबद्दल रिपोर्ट करीन म्हटलं. तेव्हा तो धुऱ्यावर उकिडवा बसून राहिला. दुपारपर्यंत बसला होता.
उपटलेलं सगळं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं. कंपोस्टचंही टार्गेट पूर्ण.
बांधी थोडी विरळ दिसते. पण जे आहे ते शुद्ध हिरवं.
लटारू आज जेवण न करता घरी गेला. पोट बिघडलं असेल.

४ सप्टेंबर
देवकाबाई आली.
मी बोर्डाजवळ उभा होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडी रस्त्यावर थांबली. मैना मागे बसलेली, कुशीत बाळ. बाई खाली उतरली. बांधीकडे पाहिलं. मला वाटलं आता काही बोलेल. तिने चप्पल काढली, लुगडं खोचलं आणि चिखलात उतरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मधेच वाकून पाणी हाताने बाजूला करून पाहायची. मग परत या टोकाला आली.
मला विचारलं, "कुठी टाकलं जी?"
मी खड्डा दाखवला.

५ सप्टेंबर
काल लिहायचं राहिलं: ती रात्र पडेपर्यंत खड्ड्यात होती. आज सकाळी गावातल्या बायाही आल्या. ज्या मला नाही म्हणाल्या त्याच. फुकट कामाला! वरच्या थरातलं सगळं वाळलं होतं, पण खाली खड्ड्यात पाणी साचलेलं, तिथे काही रोपांची मुळं ओली होती. सहा दिवसांनी! वेचून वेचून धुतली आणि पुन्हा रोवली. बांधीचा एक कोपरा भरला, दोन झोपड्या मावतील एवढा. इस्तारीने स्वतःच्या बांधीतून दांड फोडून त्या कोपऱ्याला पाणी दिलं.
प्रयोगात उघड ढवळाढवळ. रिपोर्ट करणं माझं कर्तव्य आहे.

६ सप्टेंबर
रिपोर्ट लिहायला घेतला. शाई संपली.

९ सप्टेंबर
देवकाबाईने हिरवं काढायलाही हात लावलेला नाही. मी लटारूला म्हटलं, बघ, पटलं तिला. तो म्हणाला, "काढून कोणासाठी काढन जी? धान असते तं रान काढते माणूस."
लटारू अलीकडे फार बोलतो.

२० सप्टेंबर
आयुष्यातला दिवस!!
मोठे साहेब आले. आमचा भाग मुंबई राज्यात गेल्यापासून नवीन आलेले, घाटाकडचे, म्हणजे पश्चिमेचे. चिखल होता म्हणून जीपमधून उतरले नाहीत. बोर्ड वाचला. बांधी तीन फूट उंच, वाऱ्यावर डुलत होती. साहेब म्हणाले, "व्हेरी ग्रीन." दोनदा म्हणाले. मी पर्णांकाचा तक्ता दिला. कार्ड पाहिलं, सहावा पट्टा पाचव्यासारखा का असं विचारलं. मी म्हटलं, बारीक फरक आहे. म्हणाले, "हो, दिसतोय."
कोपऱ्यातला लाल तुकडा काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुलनेसाठी ठेवलेला, बिगरप्रायोगिक. हे उत्तर तिथल्या तिथे सुचलं.
फोटो काढला. साहेबांनी बाईला फोटोत बोलावलं, 'लाभधारक शेतकरी' म्हणून. ती बांधीत उभी राहिली. साहेब म्हणाले, बाई, जरा हसा. तिने प्रयत्न केला.

१२ ऑक्टोबर
हिरव्याला लोंब्या आल्या. लांब कुसळं, फार देखणी. इस्तारीच्या आधी! त्याला मुद्दाम हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "पाहा बरं हात लावून." मी लोंबी धरली. दाणे तळहातावर आले, थोडे पाण्यात पडले. मी म्हटलं, केवढी लवकर तयार झाली. तो आपल्या बांधीकडे वळला.

१५ ऑक्टोबर
वारा.

१६ ऑक्टोबर
वारा. दिवसातून तीनदा बांधीवर गेलो. लटारूला टोपल्या घेऊन धरायला सांगितलं. एका हाताने लोंबी, एका हाताने टोपली. तासाभरात अर्धा शेर जमलं, त्यात निम्मं कुसळ. लटारू म्हणाला, "साहेब, हे पडलेलं सारं पुढच्या साली उगवन. अन् त्याच्या पुढच्या. आता त्या बांधीत दोन-चार वर्स धान लावता नाई येत." 
निराशावादी माणूस. उद्यापासून त्याच्याशी कामापुरतं बोलायचं.

२ नोव्हेंबर
दिवाळी होऊन गेली. मैनाला सासरी परत पाठवलं. बाळ दोन महिन्यांचं. तिसऱ्या महिन्यापर्यंत ठेवायचं होतं असं लटारू सांगत होता. (मी विचारलं नव्हतं.) घरात जुनं धान संपलं, नवं आलं नाही, बाळंतिणीला कण्यांवर किती दिवस ठेवायचं. गाडी माझ्या खोलीवरूनच गेली. मी आत हिशेब करत होतो. पानांचे.

९ नोव्हेंबर
पीक कापणी प्रयोग. ठरल्याप्रमाणे चौकोन आखला, कापलं, झोडपलं, उपणलं. राहिलेला माल तागडीत टाकला. काटा हलला नाही. तागडी बिघडली असावी. इस्तारीच्या घरच्या जुन्या धानावर तपासली. बिघडलेली नाही.
संभाव्य कारणं: (१) पक्षी. (२) वारा. (३) निंदण वेळेवर झालं नाही.
(३) खोडलं.
कोपऱ्यातला लाल तुकडा बाईने स्वतः कापला. पाच पायली झालं. मी म्हटलं, चला, महिनाभर तरी भागेल. लटारू म्हणाला, थे खाणार नाई ती, बियाले ठेवलं. लाल बी गावात दुसऱ्या कोणाकडे नाही. भाऊ मागच्या साली वारला, तिकडून आता कोण आणून देणार.
फॉर्मवर 'उत्पन्न' असा रकाना आहे. तो उद्या भरू.

१० नोव्हेंबर
उद्या.

२८ नोव्हेंबर
वरून पत्र! पानांचे आकडे फार आवडले. उत्पन्नाचा आकडा न आल्यामुळे 'पक्ष्यांमुळे नुकसान' असा शेरा मारून रकाना बंद केला आहे. पुढच्या खरिपात पर्णांक दहा गावांत लावायचा. मला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावलं आहे, कार्ड छापून घेण्यासाठी. छापखान्यात सहाही हिरवे मिळतील.
पेढे आणायला लटारूला आरमोरीला पाठवणार होतो. मग म्हटलं, राहू दे. लांब पडतं.

१ डिसेंबर
उद्या निघायचं. देवकाबाईला भेटून जायचं ठरवलं आहे. ती सगळ्यांसमोर बोलेल, शिव्याही देईल, याची तयारी ठेवली पाहिजे. उत्तराचे मुद्दे कागदावर काढले. पहिला: प्रयोग तिच्याच भल्यासाठी होता. दुसरा: जाताना जबाबदारी तिने आपण होऊन माझ्यावर टाकली होती, साक्षीदार आहेत. तिसरा: शास्त्रात अपयश असं नसतं, निरीक्षण असतं. चौथा लिहायला घेतला. 'बाई,' एवढंच लिहून झालं. कंदिलात तेल कमी होतं.

२ डिसेंबर, सकाळी ९
ती घरी नव्हती. इस्तारीच्या बांधीत मजुरीने कापणी करत होती. दहा-बारा बाया एका ओळीत, ही मधे. मी धुऱ्यावरून खाली उतरलो, धानात थोडा आत जाऊन उभा राहिलो. कागद खिशात होता, वर हात ठेवलेला.
तिने पाहिलं. विळा थांबवून डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाली, "रामराम साहेब. जाऊन राह्यले म्हणते?"
मी हो म्हटलं.
"सांभाळून जा जी. नाल्यात पाणी हाय अजून."
आणि पुन्हा वाकली.
मी थांबलो. आता विचारेल. बाकीच्या बायांचेही नुसते विळे चालू. ओळ सरकत माझ्याकडे येत होती. तिची मूठ, तिचा विळा, पुन्हा मूठ. पाच हातांवर आली, तीन हातांवर आली. तिने वर पाहिलं नाही. माझ्या पायाशी आल्यावर थांबली.
"थोडं सरका जी," म्हणाली, "धान कापाचं हाय."
सरकलो.